धागा: प्रदर्शनात मांडलेला, पण खरोखर चालणारा रेकॉर्डिंग स्टुडिओ

कानोसा

कलाकृती म्हणून उभा केलेला, पण प्रदर्शन चालू असताना ज्यात खरंच रेकॉर्डिंग होतं असा स्टुडिओ, हा या धाग्याचा विषय. नुसता देखावा असेल तर हार्डबोर्ड आणि रंगात काम भागतं, त्याची चर्चा इथे नको.

दोन नमुने समोर ठेवतो. २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या कला-प्रदर्शनात फ्रान्सच्या दालनात फ्रेंच कलाकार झाविए वेयाँ यांनी 'स्टुडिओ व्हेनेझिया' उभारला. आतून सगळं दालन लाकडी कोनाकोपऱ्यांनी आणि कापडाने मढवलेलं, वादक आत काम करताहेत आणि लोक त्यांच्यातूनच फिरताहेत. प्रेरणा जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स यांच्या हॅनोव्हरमधल्या 'मेर्झबाऊ'ची. घराच्या खोल्यांत वाढत गेलेली ती रचना १९४३ च्या बॉम्बफेकीत नष्ट झाली. दुसरा नमुना २०१५ चा, लंडनच्या सॉमरसेट हाउसमधला. ब्रिटिश गायिका पीजे हार्वी यांनी काचेच्या बंद खोलीत रेकॉर्डिंग केलं. काच एकतर्फी होती: प्रेक्षकांना आतलं दिसे आणि ऐकू येई, आतल्यांना प्रेक्षक दिसत नसत.

म्हणजे एक जात उघडी, एक बंद. चर्चेसाठी बंद जातीचा आराखडा धरू: मोठं दालन, गुळगुळीत भिंती, दगडी फरशी. त्यात ६ × ५ × ३ मीटरची खोली, पाच वादक, १६ चॅनेल. कुठून सुरुवात करायची आणि कुठे फसतं?

ओळंबा

मापांपासूनच. ६ आणि ३ ही जोडी घातक आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून एकाच सुरावर घुमणारा आवाज म्हणजे उभा तरंग; पहिला येतो ३४३ (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर) भागिले अंतराची दुप्पट इतक्या हर्ट्झवर. ६ मीटरला २८.६ हर्ट्झ, त्याचा दुसरा ५७.२. ३ मीटर उंचीचा पहिला तरंगही ५७.२ च. दोन्ही एकाच जागी बसले की बास ड्रमचा ठोका आणि बास गिटारचे खालचे सूर एका कोपऱ्यात ढोलासारखे घुमतील, दोन पावलं सरकलं की गायब होतील.

६.२ × ४.९ × २.७ करा. मग लांबीचे २७.७ आणि ५५.३, रुंदीचे ३५ आणि ७०, उंचीचा ६३.५. सगळे सुटे. भिंती तिरक्या केल्या की हा प्रश्न सुटतो असं बरेचजण मानतात. सुटत नाही. तिरक्या भिंतींनी टाळीसारखा फडफडता प्रतिध्वनी जातो, खालचे तरंग थोडे सरकतात इतकंच. दोन समोरासमोरच्या भिंतींत मिळून १० ते १२ अंश तिरकेपणा फडफड मोडायला पुरतो.

घुमारा

ओळंबा यांच्या मापांवर पुढचा हिशेब. घनफळ ८२ घनमीटर. घुमण्याचा काळ (आवाज थांबल्यावर घुमणं विरायला लागणारा वेळ) ०.४ सेकंद हवा असेल तर सबाइनच्या सूत्राने ०.१६१ × ८२ ÷ ०.४ = ३३ चौरस मीटर शोषण. वादक, गालिचा आणि खुर्च्यांचं थोडं वजा केलं तरी ३० चौरस मीटर जाड शोषक लागेल. एकूण पृष्ठभाग १२० आहे, म्हणजे पाव भाग. आणि एक अख्खी बाजू काचेची असणार, तेव्हा उरलेल्या तीन भिंती आणि छतावरच हे बसवायचं आहे.

शोषक म्हणजे १०० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), घनता ५० ते ६० किलो प्रति घनमीटर, मागे १०० मिमी पोकळी. २०० मिमी ही ४३० हर्ट्झच्या तरंगलांबीचा पाव भाग होते; तिथपर्यंत पुरेपूर काम, त्याखाली उतरतं. कोपऱ्यांत ३०० ते ४०० मिमी जाडीचे त्रिकोणी ठोकळे भरा. अंड्याचे ट्रे नकोत, आणि २५ मिमीचा फोम सगळीकडे चिकटवू नका. तो वरचे सूर खातो, खालचे तसेच ठेवतो. खोली एकाच वेळी मंद आणि गढूळ ऐकू येते.

ओळंबा

आता भिंत. बाहेर बोलणारे प्रेक्षक ६० ते ६५ डीबी (डेसिबल) धरा. आत १५ ते २० हवेत. म्हणजे ४५ डीबी तोडायचे आहेत आणि ते एका भिंतीने होत नाही. खोलीत खोली, दोन सुटे कवच.

प्रत्येक कवचाला दाट जातीच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, मिळून २० किलो प्रति चौरस मीटर, मध्ये १०० मिमी पोकळी. या जोडीचा स्वतःचा अनुनाद: दोन्ही वजनांच्या व्यस्तांची बेरीज (०.०५ + ०.०५), भागिले मीटरमधली पोकळी (०.१), त्याचं वर्गमूळ, गुणिले ६०. उत्तर ६० हर्ट्झ. खरा फायदा त्याच्या दीडपटीच्या आसपास, ८५ पासून सुरू होतो. पोकळी २०० केली तर अनुनाद ४२ वर येतो. जागा असेल तर बोर्डाचा तिसरा थर चढवण्यापेक्षा पोकळी वाढवणं स्वस्त आणि हलकं. पोकळीत रॉकवूल सैल भरा, दाबून नाही.

नेहमीच्या चुका दोन. पहिली: 'आणखी मजबुती' म्हणून पोकळीच्या मध्यभागी तिसरा पडदा घालतात. एका मोठ्या पोकळीच्या दोन लहान होतात, अनुनाद वर सरकतो आणि बास आधीपेक्षा जास्त आरपार जातो. दुसरी: दोन्ही सांगाड्यांना जोडणारा एक विसरलेला स्क्रू, किंवा दोन्ही कवचांतून ताणून नेलेला विजेचा पाइप. एवढ्यानेही ठोक्याचा आवाज सरळ पलीकडे जातो.

खिळामोळा

आतली खोली दालनाच्या फरशीपासून सुटी राहावी म्हणून तिच्या जमिनीखाली रबराचे तुकडे लागतात, त्यावर कोणी बोललं नाही. वजन करून बघा. आतल्या भिंती २२.२ × २.७ × २० = सुमारे १२०० किलो, छत ६००, दोन थर १८ मिमी प्लायची जमीन ७०० च्या पुढे, शिवाय सांगाडा आणि काच. अडीच ते तीन टन.

रबर दबला तरच काम करतो. ३ मिमी दबला तर कागदावर खोलीची स्वतःची कंपनसंख्या साधारण ९ हर्ट्झ येते, प्रत्यक्षात त्याहून वर, कारण हलत्या भाराखाली रबर जास्त ताठ वागतो. गोम अशी की छत आणि भिंतींचा भार कडेला, मीटरमागे ८० किलोच्या वर, आणि मध्ये मात्र फक्त प्लाय आणि माणसं. सगळीकडे एकाच जातीचे तुकडे ठेवले तर कडेचे चेपून दगड होतात आणि मधले दबतच नाहीत. कडेला कडक जात किंवा जवळजवळ तुकडे, मध्ये मऊ आणि विरळ. भिंत बांधण्याआधी आणि छत चढल्यावर चारही कोपऱ्यांत फटीचं माप घेऊन लिहून ठेवा.

आणि एवढा भार कडेकडेने उतरणार असेल तर दालनाच्या स्लॅबचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. यात अंदाज नको.

कानोसा

मापं पटली, ६.२ × ४.९ × २.७ धरतो. काच कशी? दिसणं हाच तर कलाकृतीचा अर्धा भाग आहे.

पारा

काच दोन, वेगवेगळ्या जाडीच्या, दोन्ही लॅमिनेटेड, म्हणजे मधल्या थराने दोन काचा चिकटवलेल्या. ६+६ मिमी आतल्या कवचात, ५+५ बाहेरच्या. एकसंध काचेत १२,००० भागिले मिलिमीटरमधली जाडी या हर्ट्झच्या आसपास काच आवाजाला आरपार सोडते: १२ मिमीला १०००, १० मिमीला १२००. नेमकी माणसाच्या बोलण्याची पट्टी. लॅमिनेटच्या मधला थर ही खाच बुजवतो, आणि जाड्या वेगळ्या असल्या की दोन काचांच्या खाचा एकमेकींवर बसत नाहीत. दोन्ही सारख्या घेणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

वजन: मिलिमीटरमागे अडीच किलो प्रति चौरस मीटर. २ × १.२ मीटरची १२ मिमी काच ७२ किलो भरते. चार माणसं आणि सक्शन कप. खाली निओप्रीनचे ठोकळे, लाकडावर थेट नको. एक काच वरच्या बाजूला ५ ते ७ अंश बाहेर झुकवा. त्याने आवाज जास्त अडत नाही, पण दिव्यांचं आणि प्रेक्षकांचं प्रतिबिंब फरशीकडे जातं आणि आतल्या समोरच्या भिंतीशी फडफडही होत नाही.

पोकळीच्या तळाशी लपवलेल्या खाचेत सिलिका जेल, नाहीतर पहिल्याच थंड रात्री आतून दव धरेल. बाहेरची काच पट्ट्या काढून उघडता येईल अशी बसवा. आतल्या पृष्ठभागावर राहिलेला एक ठसा प्रदर्शन संपेपर्यंत लोकांच्या नाकासमोर राहतो.

एकतर्फी हवी असेल तर सगळा खेळ उजेडाच्या गुणोत्तराचा. अर्ध-आरसा फिल्म लावून आत ३०० लक्स, बाहेर ३०. एकास दहा. बाहेर कोणी मोबाइलचा टॉर्च लावला की काच तेवढ्या जागी पारदर्शक होते आणि वादकाला अंधारात एक चेहरा दिसतो.

शून्य_डीबी

दार विसरू नका, सगळे विसरतात. ९०० मिमी रुंद दाराखाली ३ मिमीची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.१४ टक्के. कागदावर ४५ डीबीचं दार त्या फटीमुळे २८ वर येतं. खाली आपोआप उतरणारी पट्टी, चारही बाजूंनी दुहेरी गॅस्केट, आणि दोन दारांमध्ये दीड मीटरची मधली खोली. बंद दाराच्या कडेने आतून टॉर्च फिरवा. उजेड दिसला तिथून आवाज जाणार.

उंबरठा

सगळेच बंद खोलीमागे लागलेत म्हणून उघड्या जातीची बाजू मांडतो. प्रेक्षक आत येतो तेव्हाच ती कलाकृती असते; काचेआड ठेवली की मत्स्यालय. गोंगाटाची भीती अवाजवी आहे. गायक मायक्रोफोनपासून १० सेंटीमीटरवर, प्रेक्षक ४ मीटरवर. अंतर ४० पट, म्हणजे ३२ डीबीचा फायदा फुकटात. मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या कार्डिऑइड मायक्रोफोनची पाठ प्रेक्षकांकडे केली की आणखी थोडा.

घुमारा

उंबरठा, मत्स्यालय आवडलं, पण ३२ डीबीचा हिशेब मोकळ्या मैदानातला आहे. घुमणाऱ्या दालनात आवाज ठरावीक अंतरापुढे कमी होतच नाही. ते अंतर: घनफळ भागिले घुमण्याचा काळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०५७. २० × १२ × ६ मीटरचं दालन १४४० घनमीटर, काळ ३ सेकंद: १.२५ मीटर. म्हणजे प्रेक्षक ४ मीटरवर असो की १०, मायक्रोफोनला तो सव्वा मीटरवर असल्यासारखाच. फायदा ३२ चा नाही, २२ चा. मायक्रोफोनची पाठही इथे फारशी कामाची नाही, कारण घुमलेला आवाज सगळीकडून येतो.

काळ १.२ सेकंदावर आणलात तर २६ मिळतात. त्यासाठी दालनातलं शोषण ७७ वरून १९३ चौरस मीटर, म्हणजे ११६ ची भर.

उंबरठा

मान्य. मग ती भर हीच कलाकृती करा की. छतापासून उभे लोंबणारे रॉकवूलचे पडदे, ६०० × १२०० मिमी, ५० मिमी जाड, कापडात शिवलेले. दोन्ही बाजूंनी शोषतात. एकाचे दोन्ही पृष्ठभाग मिळून १.४४ चौरस मीटर, ०.८५ गुणांक धरला तर ९५ पडदे. ओळीत न टांगता झुंडीसारखे टांगले तर छतच शिल्प होतं. 'स्टुडिओ व्हेनेझिया'चं लाकूडकामही सजावट म्हणून मागाहून आलेलं नव्हतं, आतला आवाज त्याच्याच आधाराने घडत होता.

घुमारा

हे झकास. फक्त पडदे अगदी जवळजवळ नकोत, एकमेकांच्या सावलीत गेले की गुणांक पडतो. निदान पडद्याच्या उंचीइतकं अंतर ठेवा.

खिळामोळा

आकारांचा विषय निघालाच आहे तर आवाज विखुरणाऱ्या भिंतीचं लिहितो, कारण शिल्पासारखी दिसणारी पण आकड्यांवर चालणारी ही एकमेव वस्तू. ध्वनिशास्त्रज्ञ श्रोएडर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना. सात खाचांचा क्रम ०, १, ४, २, २, ४, १. रचना ५०० हर्ट्झपासून हवी तर तरंगलांबी ६८६ मिमी, भागिले १४, एकक ४९ मिमी. खाचांची खोली ०, ४९, १९६, ९८, ९८, १९६, ४९ मिमी. खाचेची रुंदी ६० मिमी घेतली तर वर साधारण २८५० हर्ट्झपर्यंत काम. खाचांमध्ये ६ मिमी प्लायचे पडदे.

शिल्पकाराला इथे दोन सवलती: क्रम कुठूनही सुरू करता येतो, आणि उंची, लाकूड, रंग हवं ते. खाचांची खोली मनाने बदलली की तो नुसता नक्षीदार कपाट-दरवाजा. पडदे गाळले तर खाचा एकमेकींत मिसळतात आणि हिशेब मोडतो. मागच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या नाहीत तर तो विखुरण्याऐवजी शोषायला लागतो. तोच सात खाचांचा पट्टा सलग आठ-दहा वेळा लावला तर आवाज ठरावीक दिशांनाच फेकला जातो. मधूनमधून उलटा पट्टा घाला. आणि वादक त्याच्यापासून किमान दीड मीटर दूर.

अंतर्गोल भिंत आणि घुमटी मात्र टाळाच. वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्यावर आवाज एकवटतो. तीन मीटर त्रिज्येची कमान दीड मीटरवर, म्हणजे नेमकी मायक्रोफोनच्या जागी, नेम धरते. कमान हवीच असेल तर पोट खोलीकडे.

पाटी

कलाकृती आणि यंत्र एकच, याचं सगळ्यात शुद्ध उदाहरण पोलादी पत्र्याचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला कृत्रिम घुमणं जोडणारं यंत्र. १९५७ मध्ये ईएमटी १४० आला: १ × २ मीटरचा, अर्धा मिलिमीटर जाड पत्रा, चौकटीत ताणलेला. एका ठिकाणी आवाज पत्र्यात सोडायचा, दोन ठिकाणी उचलायचा.

पत्रा कोल्ड रोल्ड, वजन जेमतेम ७.८५ किलो, पण एकही सुरकुती नको. चौकट ४० मिमी चौकोनी नळीची, कोपऱ्यांत तिरके आधार, कारण ताण पत्र्यापेक्षा चौकटीला वाकवतो. चारही कोपऱ्यांत पत्र्याला दोन्ही बाजूंनी ३ मिमी पट्टी रिव्हेट करा, नाहीतर भोक फाटतं. टर्नबकलने (फिरवून ताण वाढवायचा जोड) समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा. ताण कमी असेल तर पत्रा टिणटिणतो. टिचकी मारल्यावर वेगळा सूर ऐकू न येता दाट 'श्श' यायला लागला की थांबा.

आवाज सोडणारा एक्सायटर अगदी मध्यावर नको, थोडा सरकवून. ठीक मध्यावरून अर्ध्याहून जास्त कंपनं उठतच नाहीत. उचलणारे दोन पिझो (कंपनाची वीज करणाऱ्या चकत्या) कडेपासून एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना असमान. पाठवताना २०० हर्ट्झच्या खालचं कापा.

आता खरी अडचण. हा पत्रा म्हणजे दोन चौरस मीटरचा मायक्रोफोन आहे. म्हणूनच मूळ यंत्रं स्टुडिओपासून लांब, शांत खोलीत ठेवत. दालनात उघडा टांगला की प्रेक्षकाचं हसू पाच सेकंद शेपूट लावून गाण्यात येतं. त्याला स्वतःची काचेची पेटी द्या, मागच्या बाजूला रॉकवूल, तळाशी रबर. हात लागू देऊ नका. घामाच्या ठशांवर गंज चढतो.

तारेवरची_कसरत

पाटी, पिझोबद्दल एक भर. २७ मिमी चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं. मग लोक म्हणतात पिझो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. १ मेगाओहम द्या, तीच मर्यादा ८ हर्ट्झवर जाते. चकतीजवळच छोटा एफईटी बफर (सिग्नल न गळता पुढे देणारं सर्किट) ठेवा आणि तिथून पुढे बॅलन्स्ड. चिकटवायला एपॉक्सी, दुहेरी टेप वरचे सूर खाते.

आता वीज, कारण दालनातला स्टुडिओ सगळ्यात जास्त दिव्यांनी मरतो. दालनांत डिमर असतात. जुने डिमर तरंगाचा तुकडा कापतात आणि त्याची भणभण थेट गिटारच्या पिकअपमध्ये. एलईडीचे बरेच ड्रायव्हर झपाझप चालू-बंद करून उजेड कमी करतात, त्याची शिट्टी येते. प्रवाह सलग कमी करणारे ड्रायव्हर मागा, आणि करार करण्याआधी सिंगल कॉइल गिटार घेऊन दिव्याखाली उभे राहा. दोन मिनिटांत कळतं.

आवाजाच्या सगळ्या सॉकेटना एकाच फेजवरून स्वतंत्र सर्किट, अर्थिंग एकाच बिंदूवर ताऱ्यासारखं. दिव्यांची तार आणि मायक्रोफोनची तार समांतर नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात. शिल्पाचा पोलादी सांगाडा अर्थ केलाच पाहिजे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावाच. हम आला म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे भेटतात. ते कधीही नाही. आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर किंवा वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट वापरा, तो फक्त सिग्नलची जमीन तोडतो.

शून्य_डीबी

हवा! पाच वादक ६०० वॉट, दिवे ४००, यंत्रं ५००. दीड किलोवॉट उष्णता एका सीलबंद पेटीत. आत सोडलेली हवा ८ अंश थंड असेल तर ताशी ५६० घनमीटर हवा लागते. जाळीपाशी वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर गेला की सळसळ रेकॉर्ड होते, म्हणून जाळीचं मोकळं क्षेत्र ०.१ चौरस मीटर, साधारण ३२० × ३२० मिमी. आत येणारी एक, बाहेर जाणारी तेवढीच एक. डक्टला आतून २५ मिमी अस्तर, दोन काटकोनी वळणं, पंख्याजवळ कापडी जोड.

'टेक घेताना एसी बंद करू' हा बेत चालत नाही. थोड्याच वेळात खोली तापते आणि तारा उतरतात. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, लाकडी वाद्यांसाठी आणि त्या विखुरणाऱ्या भिंतीसाठीही.

कानोसा

बाहेरच्या प्रेक्षकाला ऐकवायचं कसं? काचेतून दिसतंय, तर आवाज ओठांशी जुळला पाहिजे. पण कलाकार काही खासगी बोलले तर ते कापायला दोन सेकंदांचा उशीर ठेवावा असाही एक विचार आहे.

तारेवरची_कसरत

दोन्ही एकत्र होत नाही. ४०-५० मिलिसेकंदांच्या पुढे ओठ आणि आवाज फाटलेले दिसतात, दोन सेकंदांत तर डबिंग वाटेल. उशीर टाळा आणि वादकांच्या पायाशी एक म्यूट स्विच द्या, जो फक्त बाहेरचा फीड तोडतो, रेकॉर्डिंग नाही. वर लाल दिवा, म्हणजे फीड चालू आहे हे आतल्यांना कायम दिसेल. टॉकबॅकचा (रेकॉर्डिस्टने वादकांशी बोलायचा) मायक्रोफोन बाहेरच्या फीडमध्ये कधीच नको.

बाहेरचे स्पीकर ६५ ते ७० डीबी, पाठ काचेकडे, आणि १२० हर्ट्झच्या खाली कापलेले. भिंत खालच्या सुरांना कमी अडवते, तेव्हा बास बाहेर वाजवलात तर तो फिरून बास ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये येतो. उघड्या जातीत स्पीकर नकोच, हेडफोन.

वादकांच्या कानात मात्र संगणकातून फिरून आलेला आवाज देऊ नका. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला एका दिशेने २.७ मिलिसेकंद, येणं-जाणं आणि कन्व्हर्टर धरून बरंच जास्त. इंटरफेसवरूनच थेट मॉनिटरिंग घ्या. हेडफोन बंद पाठीचे, नाहीतर क्लिक (तालाची टिकटिक) गाण्यात.

ओलांडा

साठवण: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक चॅनेल तासाला ५१८ एमबी. १६ चॅनेल, आठ तास: ६६ जीबी रोज. साठ दिवसांत ४ टीबी, आणि दोन प्रती धरून ८. दर तासाला नवी फाइल सुरू करा. आठ तासांची एकच फाइल बिघडली की दिवस गेला.

दाराशी पाटी हवी: इथे रेकॉर्डिंग चालू आहे, उघड्या जागेत तुमचा आवाजही येऊ शकतो. रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, वादकाची, कलाकाराची की दालनाची, हे पहिल्या सुराआधी कागदावर.

खिळामोळा

उतरवण्याचंही आत्ताच ठरवा. एकही पॅनेल २५ किलोच्या वर नको, प्रत्येकाच्या मागे क्रमांक आणि बाण, जोड एम८ बोल्टचे. लाकडात स्क्रू दोनदा उघडला की धरत नाही. गॅस्केट प्रत्येक उभारणीला नवं. एकदा चेपलेलं पुन्हा फुगत नाही.

ओळंबा

अग्निसुरक्षेवर कोणी लिहिलं नाही. शोषक म्हणून पॉलियुरेथेन फोम नको, त्याचा धूर जीवघेणा. रॉकवूल जळत नाही. वरचं कापड आगरोधक प्रमाणपत्राचं. दोन दारं बाहेर उघडणारी, किल्लीशिवाय.

आणि एक गोष्ट नकाशावर हमखास राहून जाते. आपण ४५ डीबी तोडणारी खोली बांधतोय, तर दालनाचा फायर अलार्म आत ऐकूच येणार नाही. वादकांच्या कानात हेडफोन असतील ते वेगळंच.

कानोसा

हे खरंच सुटलं होतं. मग आत वेगळा भोंगा?

ओळंबा

भोंगा आणि लखलखणारा दिवा दोन्ही, दालनाच्या पॅनेलला जोडलेले. दिवा वादकांच्या नजरेच्या रेषेत, काचेच्या वरच्या कडेला. शिवाय अलार्म वाजताच हेडफोन अँपची वीज रिलेने (विजेवर चालणारा स्विच) तुटली पाहिजे. रिले सामान्यतः बंद जातीचा घ्या, म्हणजे अलार्मची वायर तुटली तरी हेडफोनच गप्प होतील.

तारेवरची_कसरत

ओळंबा, शब्दांत घोळ होईल. अलार्म नसताना कॉइलला वीज चालू, तिने धरून ठेवलेला संपर्क हेडफोनला वीज देतो. वायर तुटली की सुटतो. दुकानात त्याला 'नॉर्मली ओपन' म्हणतात. 'क्लोज्ड' मागितलात तर नेमकं उलटं होईल.

ओळंबा

बरोबर, दुरुस्ती मान्य. कॉइल कायम चालू, संपर्क नॉर्मली ओपन. आणि त्या वायरसाठी दोन्ही कवचांत वेगवेगळ्या जागी भोकं, मध्ये सैल वळसा, भोवती ॲकूस्टिक सीलंट.